शेंदराखालचा अकरा नंबर

मित्रांनो, या खोलीत कोणी शिरले की मी आधी त्याचे हात पाहतो. हे चांगले नव्हे, मला कळते. तुम्ही सोनपेठच्या बाजारातून परतताना गाडीला वेळ आहे म्हणून सहज डोकावता, धोतराच्या सोग्याने घाम पुसता. मी मात्र मनात म्हणत असतो, हा मला उचलणार तर नाही? उचललेच, तर परत ठेवील का? मी एक जुना पोलादी गोळा आहे, मोठ्या मोसंबीएवढा. माणसाच्या शब्दावर भरवसा ठेवायचा नाही, एवढ्याचसाठी मला घडवले होते.

ते कसे, हे सांगून पाहतो. नीट सांगता येईल की नाही, शंकाच आहे. परभणीहून परळीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर ढवळपांगरी हे लहानसे स्टेशन आणि त्याच्या पुढचे कोल्हेवाडी. मधे रूळ एकच. समोरासमोरून दोन गाड्या आल्या तर काय होईल, ते सांगायला नको. म्हणून दोन्ही स्टेशनांत तारेने जोडलेले एकेक यंत्र होते आणि त्यांच्या पोटात आम्ही गोळे. एका मास्तरने घंटी वाजवून विचारायचे, दुसऱ्याने होकार द्यायचा, तेव्हाच यंत्राच्या नळीतून एक गोळा बाहेर येई. तो बाहेर असेपर्यंत दुसरा निघत नसे. गोळा हातात पडल्याशिवाय ड्रायव्हर गाडी हलवीत नसे, मग मास्तर त्याचा सख्खा भाऊ का असेना. माझ्या पोटावर दोन्ही स्टेशनांची नावे इंग्रजीत कोरलेली आहेत आणि खाली आकडा आहे, अकरा.

मला कोठल्या कारखान्यात घडवले ते आठवत नाही. माझी पहिली आठवण तेलाच्या चिंधीची आहे. ती चिंधी मुंजाजीच्या हातात होती. मुंजाजी ढवळपांगरीचा सांधेवाला, म्हणजे रुळांचे सांधे बदलणारा. नळीतून जो गोळा निघेल त्याला तो आधी पुसून तेलाचा हात देई. मग चामड्याच्या पिशवीत तो घालून, पिशवी वेताच्या मोठ्या कड्याला अडकवून, तो फलाटाच्या टोकाला उभा राही. येणाऱ्या इंजिनातून ड्रायव्हर एक कडे त्याच्याकडे फेकी, मुंजाजी ते दंडावर झेली आणि आपले दुसऱ्या हाताने वर देई. त्याला वाचता येत नव्हते. पण डोळे मिटून नुसता अंगठा फिरवून तो सांगे, हा सात, हा नऊ, हा अकरा. एकदा सिकंदराबादहून आलेल्या साहेबांनी आम्हाला उजेडात धरून पाहिले आणि अशी निगा साऱ्या मार्गावर दिसली नाही, असे म्हणाले. मुंजाजी त्या दिवशी जेवताना बायकोला ते तीनदा सांगत होता म्हणतात. मी तेथे नव्हतो.

मग अठ्ठेचाळीस साल आले.

त्या वर्षी कोणीच कोणाला पूर्ण वाक्य बोलत नव्हते. रझाकार आले की फलाट रिकामा होई. ते गेले की लोक रझाकारांशी लढणाऱ्यांच्या सरहद्दीपलीकडच्या कॅम्पांविषयी कुजबुजत, आणि तिसरा माणूस आला की पावसापाण्याचे बोलत. कोठे तरी रूळ उखडले आहेत, अशी बातमी रोज येई. पोलीस ॲक्शनच्या आदल्या आठवड्यात एका दुपारी मी कोल्हेवाडीहून मालगाडीने निघालो. ड्रायव्हर घाबरलेला होता. त्याने वेग कमी केलाच नाही. ढवळपांगरीचा बाहेरचा सिग्नल दिसताच, फलाट यायच्या कितीतरी आधी, त्याने कडे भिरकावून दिले आणि गाडी दामटली. पिशवीचा पट्टा नीट लावलेला नव्हता. मी बाहेर उडालो, रुळाच्या कडेला उभ्या केलेल्या एका लोखंडी खांबाच्या धारेवर आपटलो आणि तेथून उसळून रब्बीसाठी मोकळ्या राखलेल्या शेतात पडलो. पावसाने काळी जमीन लोण्यासारखी झाली होती. मी तिच्यात रुतलो. वर पाणी साचले.

पुढचे मी ऐकलेले सांगतो, त्यात काही इकडेतिकडे असेल. मुंजाजीला कडे सापडले, रिकामी पिशवी सापडली. तो दोन दिवस रुळाच्या कडेने गुडघे टेकून शोधत होता. मी शेतात बराच आत होतो. ड्रायव्हरने लिहून दिले की गोळा फलाटावर सांधेवाल्याच्या हातात दिला. मी बाहेर असल्यामुळे यंत्र अडले आणि गाड्या थांबल्या. स्टेशनमास्तर माणिकराव हे हळू बोलणारे, पुस्तकांतले गृहस्थ होते. त्यांनी दोन कागद समोर ठेवले. ड्रायव्हरचे म्हणणे लेखी होते, मुंजाजीचे तोंडी. त्यांनी लेखी खरे मानले.

रझाकारांना वाटले, मुंजाजीने गोळा कॅम्पवाल्यांना दिला. आठ दिवसांत राज्य बदलले. नव्या अंमलदारांना वाटले, त्याने तो रझाकारांना दिला. एकाच माणसावर दोन्हीकडून तोच आळ. त्याची नोकरी गेली. गावातही कोणी त्याच्यावर काही सोपवीना. खळ्यावर राखणीला माणूस हवा असला तरी मुंजाजीला वगळून बोलावणे होई. पारावरून जाताना कोणीतरी हळूच विचारी, "मुंजाजी, बंडीच्या खिशात काय गोल गोल दिसायलंय?" आणि बाकीचे तंबाखू मळत खाली मान घालून हसत.

इकडे मला काय झाले ते ऐका. ज्या शेतात मी पडलो ते दगडाबाईचे. दिवाळीच्या सुमारास ज्वारीसाठी रान तयार करताना तिच्या वखराला मी अडकलो. बैल जागच्या जागी थांबले. दगडाबाईने मातीतून मला उचलले आणि कपाळाला लावले. एवढा गोल, एवढा जड, रंगाने काळा, आणि बैलांनी पुढे पाऊल टाकले नाही. तिने वखर सोडला. बांधावरच्या लिंबाखाली तीन दगड मांडले, त्यांवर मला बसवले आणि घरून तेल-शेंदूर आणून माझ्या अंगाला फासला. मी तिच्या शेताचा म्हसोबा झालो.

मित्रांनो, मला देव होता येत नव्हते. लोक लिंबू कापत, नारळ फोडत, मागणे मागत, आणि मी आपला यंत्रातल्यासारखा होकाराच्या घंटीची वाट पाहत बसे. कोणाचे जनावर हरवले होते, कोणाला मूल हवे होते. एखाद्याचे काम झाले की तो परत येई आणि शेंदराचा आणखी एक थर चढवी. चिखलाने आधीच बुजलेली माझ्या पोटावरची अक्षरे थोड्याच दिवसांत पार दिसेनाशी झाली.

एका अमावास्येला एक बाई आली. तिने वाटीत तेल आणले होते, पुडीत शेंदूर होता. माझ्यासमोर बसून ती खालच्या आवाजात म्हणाली, "म्हसोबा, माझ्या मालकावरला आळ उतरव. त्यो गोळा कुटं पडलाय तेवढं दाखव. मी दर अवसेला तुला शेंदूर लावीन."

ती मुंजाजीची बायको छबूबाई होती.

ती बोलल्याप्रमाणे वागली. पाऊस असो, ऊन असो, अमावास्या चुकली नाही. मी सापडावा म्हणून ती माझ्यावर शेंदूर लावी आणि दर वेळी मी आणखी एका थराने झाकला जाई. मी काही करायला हवे होते, असे मला अजून वाटते. पण गोळ्याने काय करायचे?

एकदा ती मुंजाजीला घेऊन आली. तो येत नव्हताच, तिने आणले. तो माझ्यापासून दोन हातांवर बसला. ज्या अंगठ्याने त्याने मला हजारो वेळा ओळखले, तो अंगठा त्याच्या गुडघ्यावर होता. बराच वेळ माझ्याकडे पाहून तो म्हणाला, "ह्यो देव लय गोल हाय."

"देवाला नावं ठेवू न्हाई," छबूबाई म्हणाली.

त्याने हात पुढे केला होता, असे मला वाटते. पण बसवलेला देव कोणी जागचा हलवीत नाही, उचलून तर मुळीच पाहत नाही. त्याने हात जोडले आणि तो उठला.

त्रेपन्न सालच्या वैशाखात ऊन असे पडले की शेंदराच्या थरांना तडे गेले आणि एका दुपारी सारी खोळ एकदम निखळून पडली. दगडाबाई घाबरली. देवाने अंगावरचे टाकले, आणि आत तर अक्षरे. कोणाला वाचता येईना. शेवटी तिने माणिकराव मास्तरांना बोलावणे पाठवले. ते आले, चष्मा पुसला, वाकून पाहिले. दोन स्टेशनांची नावे आणि अकरा.

तुम्हाला वाटेल, आता मुंजाजी सुटला. मलाही वाटले होते.

माणिकरावांनी सगळ्यांना विचारले, येथे सर्वांत जास्त शेंदूर कोण लावी. लोक म्हणाले, छबूबाई, दर अमावास्येला, न चुकता. ज्याची नोकरी या गोळ्यापायी गेली त्याच्याच बायकोने तो पाच वर्षे शेंदराखाली जपला. माणिकरावांच्या मनात हिशेब जुळला. वखराला लागला म्हणून दगडाबाई शपथेवर सांगत होती. तिला कोणीतरी पढवले असेल, असे त्यांना वाटले. मला स्टेशनात नेऊन त्यांनी रॉकेलने पुसले आणि यंत्रात घालून पाहिले. मी नळीत शिरेना. माझ्या अंगावर एका ठिकाणी पोचा होता. मुंजाजीने मला फोडायचाही प्रयत्न केला, असे त्यांनी ठरवले. ज्याची चौकशी चालली होती त्याला मात्र माझ्याजवळ येऊ दिले नाही.

नदीच्या पुराचे पाणी फलाटाला लागे, म्हणून पुढे तीन वर्षांनी मार्ग थोडा सरकवला आणि उंचावर नवे स्टेशन बांधले. ही जुनी इमारत ओस पडली. माणिकराव तेव्हा निवृत्त झाले होते. त्यांनी अर्ज करकरून ती मागून घेतली आणि टाकून दिलेल्या वस्तू येथे मांडल्या. लाल-हिरव्या काचांचा हातकंदील, उर्दू अक्षरांची जुनी पाटी, तिकिटावर तारीख उठवायचे यंत्र, घंटा म्हणून वाजवायचा रुळाचा तुकडा. दारावर त्यांनी 'रेल्वे संग्रहालय' असे लिहिले. गावचे लोक याला अजबखाना म्हणतात. प्रत्येक वस्तूपुढे त्यांनी सुंदर अक्षरात कार्ड लावले. माझ्यापुढचे कार्ड मी येणाऱ्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकले की मला पाठ झाले: "गोळा क्रमांक ११. सप्टेंबर १९४८ मध्ये येथील सांधेवाल्याने लपविला. पाच वर्षांनी शेंदराखाली सापडला."

नाव लिहिले नव्हते. पण ढवळपांगरीला सांधेवाला असा कितीसा होता?

गेल्या वर्षी, एकोणसाठच्या उन्हाळ्यात, पालमचे भुजंगराव म्हणून एक शेतकरी येथे आले. त्यांनी सगळे पाहिले आणि माझ्यापुढचे कार्ड दोनदा वाचले. मुंजाजीची मुलगी दैवशाला त्यांच्या घरी दिलेली होती, हे मला नंतर समजले. गावगप्पा त्यांनी आधीही ऐकल्या असतील. पण हे तर छापल्यासारखे लिहिलेले. घरी जाऊन ते सुनेला काही बोलले नाहीत. त्यांनी धान्याच्या कोठीची किल्ली तेवढी तिच्याकडून काढून स्वतःच्या करगोट्याला बांधली, आणि तिला माहेरी पाठवणे बंद केले.

आणि मग, कार्डाची गोष्ट कानावर गेल्यावर, एका बाजाराच्या दिवशी मुंजाजी आणि छबूबाई या दारात उभे राहिले. अकरा वर्षांत त्यांनी या इमारतीत पाऊल ठेवले नव्हते. मुंजाजीने पायताण बाहेर काढले, मुंडासे सारखे केले, आणि एकेक वस्तू पाहत तो माझ्यासमोर आला. माणिकराव टेबलामागून उठले, परत बसले, पुन्हा उठले.

मुंजाजी म्हणाला, "मास्तर, मला वाचता येत न्हाई. काय लिवलंय तेवढं वाचून दाखवा."

माणिकराव वाचू लागले. "गोळा क्रमांक अकरा," एवढे झाले आणि त्यांनी कार्डावर हात ठेवला.

"थांबलात का?" छबूबाईने विचारले. "पालमच्या पाव्हण्यानं म्होरलं बी वाचलंय."

त्यांना सगळे वाचावे लागले. स्वतःच्या सुरेख अक्षरातले ते वाक्य, ज्याच्याविषयी लिहिले त्याच्याच तोंडावर. मला वाटले, मुंजाजी आता ओरडेल. तो फक्त म्हणाला, "एकदा हातात द्या."

माणिकरावांनी आधी दाराकडे पाहिले. होय मित्रांनो, तेव्हासुद्धा. मग त्यांनी मला उचलून त्याच्या ओंजळीत ठेवले.

त्याचे हात आता खरखरीत झाले होते. त्याने डोळे मिटले आणि अंगठा फिरवला. आकड्यावरून गेला, नावांवरून गेला, आणि पोच्यावर येऊन थांबला. पुन्हा तेथेच गेला.

"हे तवा न्हवतं," तो म्हणाला. "त्या दिशी सकाळी मीच ह्याला पुसून धाडला व्हता. मास्तर, हे असं असतं तर कोल्हेवाडीच्या नळीतून ह्यो भाईर पडला असता का?"

माणिकराव चाचरत म्हणाले की लपवल्यावर तो फोडायचा प्रयत्न झाला असेल, असे आपण समजलो होतो.

"फोडायचाच असता," छबूबाई म्हणाली, "तर पाच वर्सं त्याला तेल कशाला पाजलं असतं?"

माणिकरावांनी चष्मा काढला. आमच्या नळीतून पोचा पडलेला गोळा जात नाही, हे त्यांच्याएवढे कोणाला ठाऊक होते? कोल्हेवाडीतून मी धड निघालो होतो आणि मधल्या वाटेत कोठे तरी जोराने आपटलो होतो. फलाटावर हातात दिलेला गोळा आपटत नाही. पोचा सहा वर्षे त्यांच्या डोळ्यांपुढे होता. त्यांनी तो पाहिला होता, वाचला नव्हता. त्यांनी टाक उचलला, कार्ड ओढले आणि ते खोडू लागले.

छबूबाईने त्यांना थांबवले. "कारड खोडून काय व्हतंय? ज्यानं वाचलं त्याला जाऊन सांगा."

माणिकराव लोकांत जाऊन बोलणारे नव्हते. तरी दुसऱ्या दिवशी ते मला कापडी पिशवीत घालून एसटीने पालमला निघाले. साऱ्या वाटेत मी त्यांच्या मांडीवर होतो, आणि ते ओठांतल्या ओठांत वाक्ये जुळवीत होते. एकही त्यांना पुरते पटत नव्हते. भुजंगरावांच्या ओसरीवर त्यांनी पाणीसुद्धा घेतले नाही. उभ्याउभ्याच सांगितले, "मी लिहिलेलं खोटं होतं. मुंजाजीनं काही केलेलं नाही."

भुजंगरावांनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळले. "काल एक लिवलं, आज दुसरं सांगायलात. कोणतं खरं धरू? व्याह्यानं काही दिलंय का तुमाला?"

"दोन्ही धरू नका," माणिकराव म्हणाले आणि त्यांनी मला पुढे केले. "हे बघा."

भुजंगरावांनी पोचा चाचपला आणि विचारले, "आपटला तर कशावर?" उत्तर माझ्याकडे होते, पण मला कोण विचारणार? अखेर भुजंगराव म्हणाले, चला, जागा दाखवा. दैवशालालाही त्यांनी बरोबर घेतले. कशाला, ते सांगितले नाही. ती बसमध्ये पदर घट्ट धरून बसली होती. बापाची चोरी दाखवायला नेत आहेत, असेच तिला वाटले असावे.

दगडाबाईचे शेत आले. निरोप गेल्यामुळे मुंजाजी आणि छबूबाई बांधावर येऊन बसली होती. जुना रूळ उचलून नेला होता, पण त्याच्या कडेचा लोखंडी खांब अजून तसाच होता. भुजंगराव खांबाभोवती फिरले. त्याच्या धारेवर छातीएवढ्या उंचीवर त्यांना एक लहानशी खोक दिसली. त्यांनी कोणाला विचारले नाही. मला दोन्ही हातांनी धरून पोचा त्या खोकेवर टेकवला. जरा फिरवला. मी बसलो. त्यांनी हात हलवून पाहिला. मी डावीउजवीकडे सरकलो नाही.

दगडाबाई म्हणाली, "मी पयल्यापासून हेच सांगायले, वखराला लागला म्हून. बाईमाणसाचं कोण ऐकतंय?"

भुजंगरावांनी मला माणिकरावांच्या हातात दिले. मग कमरेला हात घालून किल्ली सोडवली. गाठ घट्ट बसली होती, त्यांना वेळ लागला. ती दैवशालाच्या हातावर ठेवून, कोणाकडेही न पाहता ते म्हणाले, "सुनबाई, चार रोज मायबापाकडं ऱ्हा. मग ये."

दैवशाला वाकून सासऱ्याच्या पाया पडली आणि बांधाकडे चालू लागली. मुंजाजी उठून उभा राहिला होता. छबूबाई उठली नाही. तिने पदर डोळ्यांना लावला आणि तेथेच बसून राहिली.

त्या रविवारी माणिकरावांनी पारावर जाऊन तेच सगळ्यांसमोर सांगितले. त्यांचा आवाज मागच्यांना ऐकू गेला नाही. काहींनी मानले, काही अजून मानत नाहीत, आणि मास्तरला काय मिळाले असेल याची चर्चा करतात. मुंजाजीची नोकरी परत मिळण्यासारखी नव्हती, मिळाली नाही. यंदा मात्र दगडाबाईने आपले खळे त्याच्यावर सोपवले.

नवे कार्ड लिहायला माणिकरावांना दीड महिना लागला. त्यांनी कच्चे लिहिले, मुंजाजीच्या घरी नेऊन वाचून दाखवले, त्याने दोन शब्द बदलायला लावले, छबूबाईने एक काढायला लावला. मग त्यांनी ते पक्के केले.

मित्रांनो, वस्तूंची निगा राखा, त्यांना तेल द्या, धूळ पुसा, हे सांगण्याचा माझा हक्क आहे आणि तुम्ही ते शाळेत ऐकलेही असेल. मला दुसरेच मागायचे आहे. उद्या तुम्ही, नाहीतर तुमची मुले, लिहायला लागाल, कोणी वहीत, कोणी कचेरीत, कोणी अशा कार्डावर. एखाद्या माणसाविषयी लिहाल तेव्हा शाई वाळण्याआधी त्याला बोलवा, बसायला सांगा आणि लिहिलेले मोठ्याने वाचून दाखवा. त्याला वाचता येत नसेल तर दोनदा वाचा.